करडईचे तेल : भेगांसाठी उपयोगी, रंगासाठी नव्हे

थंडी सुरू झाली की वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी तक्रार ऐकू येते. कुणाच्या टाचा फाटतात, कुणाच्या हातांची आग होते, म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांना रात्रभर खाज सुटते, लहान मुलांचे गाल खरखरीत होतात. मग कुणी मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतो, कुणी जाहिरातीतली महागडी बाटली आणतो, तर कुणी 'त्यात काय एवढे' म्हणून तसाच कामावर जातो. आपल्यापैकी बहुतेकांचे पोट हातावर आहे. हाताला भेग पडली की भांडे घासताना, झाडू धरताना, पाटी उचलताना ती ठणकते. टाचेची भेग खोल गेली तर चालणे कठीण होते आणि रोज बुडतो. म्हणून त्वचेची काळजी हा केवळ हौसेचा विषय नाही.

या अंकात आम्ही स्वयंपाकघरातल्याच एका तेलाची माहिती देत आहोत. ते म्हणजे करडईचे तेल. त्याचे फायदे सांगूच. पण ते काय करू शकत नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगणार आहोत. कारण तेलाच्या भरवशावर खरा आजार अंगावर काढणे आणि गोरेपणाच्या नादाने भलतेच मलम तोंडाला फासणे, या दोन्ही गोष्टींनी माणसाचे नुकसान होते.

करडई आपल्या ओळखीची

सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड, परभणी या भागांतून मुंबई-पुण्यात आलेल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना करडई सांगावी लागत नाही. रब्बीच्या ज्वारीभोवती करडईच्या काटेरी ओळी पेरायच्या, म्हणजे गुरे आत शिरत नाहीत, ही जुनी पद्धत. कोवळी असताना तिच्या पानांची भाजी करतात. पीक वाळले की काटे कडक होतात, म्हणून पहाटेच्या दवात ते नरम असताना काढणी करायची. मजूर बायांनी हातापायांना फडकी गुंडाळून हे काम वर्षानुवर्षे केले आहे. पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण काढले, तेव्हा हे काम थोडे सोपे झाले.

करडईच्या बीमध्ये साधारण तीस टक्के तेल असते. या तेलाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातले लिनोलेइक आम्ल. नेहमीच्या करडई तेलात त्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के किंवा त्याहूनही अधिक असते. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात ते साधारण साठ टक्के, शेंगदाण्याच्या तेलात साधारण तीस टक्के आणि खोबरेल तेलात जेमतेम दोन टक्के असते. नाव अवघड आहे, पण त्वचेच्या दृष्टीने हा घटक फार महत्त्वाचा आहे. तो आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, बाहेरूनच मिळवावा लागतो.

त्वचा म्हणजे विटांची भिंत

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली चरबी हा गिलावा. हा गिलावा चांगला असला की आतले पाणी आत राहते. बाहेरची धूळ, जंतू आणि साबणाचा खार बाहेर राहतो. लिनोलेइक आम्ल हा गिलावा बनवण्याच्या कामी येते. १९२९ साली अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांच्या आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्ण काढून टाकले, तेव्हा त्या उंदरांची कातडी खवल्यासारखी झाली. त्यांच्या पुढच्या कामातून लिनोलेइक आम्लाचे महत्त्व कळले.

हा गिलावा कशाने जातो? भांड्यांची पावडर, कपड्यांचा साबण, फरशीची फिनाइल-ॲसिड, ओले सिमेंट, सतत पाण्यात हात आणि थंडीतली कोरडी हवा, या सगळ्यांनी. दिवसाला पाच-सहा घरची भांडी घासणारी ताई, सफाई कामगार, बांधकामावरचा बिगारी यांच्या हातांचा गिलावा रोज धुऊन निघतो. म्हणून भेगा त्यांनाच जास्त पडतात. यात त्यांच्या अस्वच्छतेचा काही संबंध नाही. उलट दिवसभर दुसऱ्यांची स्वच्छता केल्यामुळेच हे होते.

तेल दोन कामे करते. पहिले, वरून पातळ थर देऊन पाणी उडून जाऊ देत नाही आणि त्वचा मऊ ठेवते. हे काम बहुतेक तेले करतात. दुसरे, लिनोलेइक आम्ल भरपूर असलेले तेल असेल तर ते भिंतीच्या दुरुस्तीलाही हातभार लावते. मात्र सगळी तेले सारखी नाहीत. उंदरांवरच्या एका अभ्यासात (२००२) सूर्यफुलाच्या तेलाने त्वचेची दुरुस्ती लवकर झाली, तर मोहरीच्या तेलाने ती लांबली. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात (२०१३) ऑलिव्ह तेलाने त्वचेचा थर कमकुवत झाल्याचे दिसले. म्हणजे महाग बाटली चांगलीच असेल असे नाही.

बाळांवर झालेले अभ्यास

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १२० नवजात बाळांचे तीन गट केले. एका गटाला करडईच्या तेलाने, दुसऱ्याला खोबरेल तेलाने मालिश केले. तिसऱ्याला तेल लावले नाही. प्रत्येक वेळी ५ मिली, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. करडईचे तेल लावलेल्या बाळांच्या रक्तात शरीराला आवश्यक असलेली स्निग्धाम्ले वाढलेली आढळली. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. बाळाच्या त्वचेवर लावलेले तेल काही प्रमाणात शरीरात जाते, असा त्याचा अर्थ. म्हणून बाळाला लावायचे तेल शुद्धच हवे.

त्याच वर्षी ढाका शिशु रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले गेले. तेल न लावलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्यात रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग सुमारे ४१ टक्क्यांनी कमी दिसला. हे सूर्यफुलाचे तेल होते, करडईचे नव्हे. पण लिनोलेइक आम्लाच्या बाबतीत दोन्ही जवळची आहेत. दुसरी बाजूही सांगायला हवी. मँचेस्टरमध्ये पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांवर झालेल्या अभ्यासात (२०१६) ऑलिव्ह किंवा सूर्यफुलाचे तेल लावल्याने त्वचेचा ओलावा वाढला, पण गिलाव्याची घडण तेल न लावलेल्या बाळांइतकी सुधारली नाही. तात्पर्य एवढेच की निरोगी बाळाला तेलात न्हाऊ घालण्याची गरज नाही. थोडे तेल पुरे.

कसे लावावे

*हातांना :* काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुवावेत. ते टिपून थोडे ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, प्रत्येक हाताला चार-पाच थेंब तेल लावावे. बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा विसरू नयेत. ओलसर त्वचेवर तेल लावले तरच पाणी आत अडकते. कोरड्या हातावर लावलेले तेल नुसते चिकट लागते. रात्री झोपताना पुन्हा एकदा लावावे. भांडी घासताना रबरी हातमोजे मिळाले तर फारच चांगले. ज्यांच्याकडे काम करतो त्यांच्याकडे ते मागायला संकोच वाटू नये. कामाचे साधन मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

*टाचांना :* रात्री कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत. वजरीने हळू घासावे, रक्त निघेपर्यंत नाही. पाय टिपून तेल चोळावे आणि जुने सुती मोजे घालून झोपावे. भेगा खोल असतील तर तेलावरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. तीही स्वस्त आहे आणि चांगले काम करते. तेल लावून ओल्या मोरीत जाऊ नये, पाय घसरतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पाय गरम पाण्यात बुडवू नयेत आणि ब्लेडने कातडी कापू नये. रोज तळपाय पाहावा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावा. भेगेतून पू किंवा रक्त आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

*म्हाताऱ्या माणसांना :* वयामुळे त्वचेतली स्निग्धता कमी होते, म्हणून खाज सुटते. त्यांना कडक गरम पाण्याने आणि कपड्यांच्या साबणाने आंघोळ घालू नये. साबण काखेत, जांघेत आणि पायांना पुरतो. आंघोळीनंतर हातपाय, नडग्या आणि पाठीला तेल लावावे.

*बाळाला :* एक चहाचा चमचा तेल, हलका हात, उबदार जागा. आधी तेल आणि मग डाळीच्या पिठाने कसकसून चोळणे, ही पद्धत आता सोडावी; नाजूक कातडी त्याने सोलवटते. टाळूवर हवे तर दोन थेंब लावावेत, पण टाळू दाबू नये. नाक, कान, डोळे, बेंबी यांत तेल मुळीच घालू नये. नाकात घातलेले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर तेल लावावे की नाही, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारूनच ठरवावे.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. लाली, पुरळ किंवा खाज आली तर वापरू नये. करडई ही शेवंती आणि गाजर गवताच्याच कुळातली आहे. गाजर गवताने ज्यांच्या अंगावर चट्टे उठतात त्यांनी ही चाचणी नक्की करावी.

तेल कुठे चालत नाही

हा भाग कापून भिंतीवर लावला तरी चालेल.

*नायटा, गजकर्ण :* गोल, कडा उठलेले, खाजणारे चट्टे हे बुरशीचे असतात. त्यावर तेल लावून फायदा नाही. ओलसरपणाने ते पसरतात. बुरशीचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, सांगितले तितके दिवस पूर्ण लावावे.

*खरूज :* बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, पोटावर बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज, घरात एकापेक्षा जास्त जणांना. हा बारीक किड्याचा आजार आहे. पर्मेथ्रिन मलम लावायचे ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसली तरीही. तान्हे बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. एकट्याने लावले तर आजार पुन्हा फिरून येतो. दाटीच्या घरात खरूज कुणालाही होते, ती लपवू नये.

*बधिर चट्टा :* फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे टोचले तरी कळत नाही, घाम येत नाही. असा चट्टा तेल चोळून पाहत बसू नये. हा कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घेतले की आजार पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू होताच संसर्ग पसरण्याचा धोका जातो. उशीर केला तरच हातापायांत व्यंग येते.

*मुरूम, घामोळे :* तेलकट चेहऱ्यावर, मुरमांवर आणि उन्हाळ्यात घामोळ्यांवर तेल लावू नये. रंध्रे बुजून त्रास वाढतो.

*भाजणे, उघडी जखम :* भाजलेल्या जागी लगेच गार, वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. तेल, टूथपेस्ट, हळद काही लावू नये.

इसब आणि सोरायसिसमध्ये त्वचा मऊ ठेवायला तेलाची मदत होते, पण ते औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही. कोडाच्या पांढऱ्या डागांवर तेलाचा उपयोग नाही. कोड स्पर्शाने पसरत नाही, हेही सर्वांना सांगावे.

गोरेपणाचे मलम

करडईचे तेल लावून कुणी गोरे होत नाही. दुसऱ्या कोणत्याही तेलाने होत नाही. रंग त्वचेतल्या मेलॅनिनमुळे येतो आणि तो उन्हापासून आपले रक्षण करतो. तरीही लग्न जमवायच्या वयाच्या मुलींना 'जरा चेहऱ्याला काही लाव' असे सांगितले जाते आणि मग वस्तीतल्या दुकानातून किंवा ब्युटीपार्लरमधून नाव नसलेली डबी घरात येते.

यातल्या काही मलमांत स्टेरॉइड असते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे दिसली तर ते औषध आहे, प्रसाधन नाही. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, मुरूम येतात, तोंडावर लव वाढते. मलम थांबवले की त्रास उसळतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती हातोहात मिळतात. ज्यांनी महिनोन् महिने असे मलम लावले आहे त्यांनी ते कसे सोडावे, हे सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात विचारावे.

काही मलमांत पारा असतो, आणि तो त्याहून घातक. प्रसाधनात पारा घालण्यास आपल्या देशात बंदी आहे. तरीही गेल्या काही वर्षांत अकोल्यातून आणि केरळातल्या मलप्पुरममधून गोरेपणाच्या मलमांमुळे मूत्रपिंडे बिघडल्याच्या बातम्या आल्या. तोंडाला लावलेला पारा रक्तात जातो आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. पायांना, चेहऱ्याला सूज, लघवीला फेस, ही त्याची चिन्हे. डबीवर कंपनीचे नाव-पत्ता, घटकांची यादी, परवाना क्रमांक नसेल तर ती घरात आणू नये. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने तर मुळीच लावू नये.

आम्ही एवढेच म्हणू की आपल्या मुलींचा रंग हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषधही नको. त्या पैशांत तिच्यासाठी पुस्तक, फळे, चांगल्या चपला येतील.

तेल कोणते घ्यावे, कसे ठेवावे

वेगळे 'स्किन ऑइल' घेण्याची गरज नाही. खाण्याचे करडईचे तेल चालते. घाण्याचे घ्या किंवा रिफाइन्ड घ्या, लिनोलेइक आम्ल दोन्हींत असते. करडई मिळाली नाही तर सूर्यफूल चालेल. पाकिटावर 'मिश्र खाद्यतेल' लिहिले असेल तर त्यात कोणते तेल किती टक्के, ते वाचावे. सुटे, बिनशिक्क्याचे तेल टाळावे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि ६० हून अधिक माणसे मेली. असे भेसळीचे तेल नुसते अंगाला चोळले तरी बाधते.

लिनोलेइक आम्ल हवेत आणि उजेडात लवकर बिघडते. म्हणून मोठ्या बाटलीतले थोडे तेल लहान, स्वच्छ, कोरड्या बाटलीत काढावे आणि शेगडीपासून दूर, अंधाऱ्या जागी ठेवावे. खवट वास आला की अंगाला लावू नये. भजी तळून उरलेले तेल तर कधीच नाही.

एका माणसाच्या हातापायांना रोज साधारण एक चहाचा चमचा तेल पुरते, म्हणजे महिन्याला दीडशे मिली. चार पैकी दोघांना गरज असेल तर तीनशे मिली. एवढा खर्च बहुतेक घरांना झेपतो. दोन-तीन आठवडे नियमाने लावूनही भेगा भरल्या नाहीत, खाज थांबली नाही, चट्टा वाढला किंवा बधिर वाटला, तर तेल बाजूला ठेवून जवळचा आपला दवाखाना किंवा आरोग्य केंद्र गाठावे. आजच रात्री घरातल्या सगळ्यांचे हात आणि तळपाय एकदा उजेडात पाहा; कुणाला तेल पुरेल आणि कुणाला डॉक्टर लागेल, हे तिथेच कळेल.